न चावणारा बूट

४ फेब्रुवारी, सकाळ
आज पुन्हा डावा पाय पेडलवरून घसरला. ऐन चौकात, सिग्नल सुटताना. मागच्या मोटारवाल्यानं हॉर्न वाजवला. त्याला शुद्ध इंग्रजीत काय ते सुनावलं. कॉन्व्हेंटचं शिक्षण असं कामी येतं. दोष उघड आहे: चपलेचा. माझ्या सायकलची पेडल्स साधी, सपाट. पाय अडकवायला पट्टा नाही, काही नाही. सगळी भिस्त तळव्यावर. निश्चय: बूट घेणे. आरामशीर आणि पक्के.

त्याच दिवशी, दुपार
मुलीचा फोन. आई, शुगर तपासलीस का? मी बुटाचं बोलतेय, ही रक्ताचं. पायाला मुंग्या येतात असं मी कधीतरी बोलून गेले, ते धरून बसली आहे. तिला म्हटलं, माझी सगळी नोकरी विमा ऑफिसच्या क्लेम सेक्शनमध्ये गेली. सबब कुठली आणि कारण कुठलं, हे मला कुणी शिकवू नये.

७ फेब्रुवारी
घसरला. चप्पलच.
सायकल हा काही शौक नाही. थोरली बहीण, माझी ताई, खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर आहे. भाचा तिला होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, ठेवायला निघाला होता. मी आडवी आले. सकाळी मी येते, तिचं आवरते, खाऊ घालते, म्हटलं. तो म्हणाला, मावशी, ज्या दिवशी तुझं येणं थांबेल त्या दिवशी होम. म्हटलं, कबूल. ताईचं घर पुलापलीकडे. त्या बाजूला बस जात नाही आणि चालणं मला झेपत नाही. तेव्हा सायकल आहे तोवर ताई घरात.

९ फेब्रुवारी
दुकानात गेले. सेल्समनच्या तोंडाला कुलूप नाही. पळायचे बूट काढले, गादीसारखे. आजी, ढगावर चालल्यासारखं वाटेल, म्हणे. म्हटलं, मला ढगावर जायची घाई नाही, आणि मी तुमची आजी नाही. मग मॅडम म्हणायला लागला. चावतोय का, मॅडम? छे. घेतले.

११ फेब्रुवारी
गादी कसली, चिखल. पेडल पायाखाली आहे की नाही तेच कळत नाही. पुलाच्या चढावर पाय सुटला आणि पेडल नडगीवर आपटलं. ताईला सांगितलं, दार लागलं. ती म्हणाली, कुठलं गं दार एवढ्या खाली लागतं? ताई पडल्या पडल्या फार बघते.

१४ फेब्रुवारी
बूट परत केले. सेल्समन म्हणाला, मॅडम, सायकलचं आधी सांगायचं ना. म्हटलं, तुम्ही तोंड उघडू दिलंत तर ना. आता दिलेत ते चाकांच्या फळीवर उड्या मारणाऱ्या पोरांचे. सपाट रबरी तळ, टणक, रुंद. रंग जांभळा. इलाज नाही. नाडी आत खोचायची, नाहीतर चेनमध्ये जाते. एक नंबर मोठा घ्या, हा घट्ट आहे, असं तो सारखं म्हणत होता. माझ्या पायाचा नंबर लग्नाआधीपासून तोच आहे. चावतोय का? अजिबात नाही!
खरंच नाही. शाळेत सिस्टर रोज सकाळी आमचे बूट तपासायच्या. जून लागला की टाचेला फोड नाही अशी मुलगी वर्गात नसायची. नवा बूट आणि पहिल्या दिवशी चावत नाही, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं. तंत्रज्ञान!

१५ फेब्रुवारी
विजय. पाय एकदाही घसरला नाही. युक्ती साधी आहे: पायाकडे बघत राहायचं. बघितलं की राहतो जागेवर. फळांच्या हातगाडीवाल्याची संत्री सांडली. बाई, समोर बघा की, म्हणे. सगळ्यांनीच समोर बघितलं तर पायाकडे कोण बघणार?

१७ फेब्रुवारी
मोजा काढला तरी पायात मोजा असल्यासारखं वाटतं. साबणाचा थर राहत असावा. साबण बदलणे.
मुलीचा फोन उचलला नाही. उगाच धास्ती घालते. आज पेपर हातात घेऊन नुसती बसून होते. ताईला होममध्ये पाठवलं तर तिला खिमट कोण भरवणार, तिची वेणी कोण घालणार, हेच डोक्यात. एवढे नवे बूट घेतल्यावर हा विचार यायला नको. बूट उत्तम आहेत.

२० फेब्रुवारी
ताईची वेणी घालत होते. तिची नजर खाली. तुझा मोजा बघ, म्हणाली. टाचेकडे लाल झालेला. म्हटलं, बुटाचा रंग गेला, भिकार माल. ती म्हणाली, जांभळ्या बुटाचा लाल रंग? काढ.
काढला. टाच सोलून निघाली होती. करंगळीचं तर बघवेना. बुटात एक बारीक खडाही होता, कधीचा कोण जाणे. ताईनं विचारलं, दुखत नाही? म्हटलं, नाही, तेच तर सांगतेय, चावतच नाही.
मग पाय पलंगावर ठेवायला लावला आणि म्हणाली, डोळे मीट, कुठलं बोट धरलंय सांग. म्हटलं, आधी धर तर.
ताई म्हणाली, केव्हाचं धरलंय गं.

तेवढ्यात भाचा आला. पलंगावर पाय, फरशीवर बूट. मावशी, काय झालं? उद्या येणार ना?
बूट चावला रे, म्हटलं. फार दुखतंय.
ताईनं माझ्या पायावर पांघरूण ओढलं. खोटं बोलतेय म्हणाली नाही.