सहकर्जदाराची सही

९ जून, सोम.
चि. कल्याणीने आज कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, पुणे, दोन वर्षे. साडेतीन लाख. ‘सहकर्जदार’ या रकान्यासमोर पेन्सिलीने लहानशी फुली केली आहे. तेथे माझी सही हवी. प्रवेशशुल्काची शेवटची मुदत शु. २० जून.

शिल्लक होती ती सौ.च्या सुरतेच्या उपचारांत संपली. (‘कै.’ लिहावयास हवे. सात महिने झाले. हात वळत नाही.) विनाअनुदानित महाविद्यालयातील माझी नोकरी अजून दोन वर्षे, पुढे निवृत्तिवेतन नाही. तेव्हा फेड तिच्याच पगारातून व्हावयाची. तो पगार किती असतो, हे मला ठाऊक नाही. पंचवीस वर्षे अर्थशास्त्र शिकविले.

१२ जून, गुरु.
मेहुणे भगवानराव केळीच्या गाडीबरोबर शहाद्यास आले होते. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला.
“दाजी, एवढा पैसास्मा पोरनं लगीन व्हई जाई.” मग कल्याणीकडे वळून, “लोकेस्ना डोया पुसानं शिकाले बी फी लागस का वं?”
“मामी फुकट पुसस, म्हनीसन तुम्हले तसं वाटस, मामा.”
भगवानराव मोठ्याने हसले.

पगाराची माहिती मिळविण्याची वाट मात्र त्यांनीच दाखविली. तळोद्यास त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची मुलगी, ज्योती, हीच पदवी घेऊन चार वर्षे एका आरोग्य प्रकल्पात नोकरी करते. तिच्या वडिलांना मी स्वतः फोन केला: “आपल्या कन्येचे शिक्षण, नोकरी व मासिक प्राप्ती यांविषयी माहिती घ्यावयास रविवारी येऊ इच्छितो.” ते फार आनंदाने “या, या, जरूर या” म्हणाले.

१५ जून, रवि.
एसटीने तळोदा. अंगणात ताजा सडा, ओसरीवर नव्या सतरंज्या, सात-आठ वडीलधारी मंडळी टोप्या घालून बसलेली. कांदेपोहे. मुलगी साडी नेसून, ट्रे घेऊन आली. एवढ्याशा माहितीसाठी हे अगत्य पाहून मी संकोचलो, तरी वही काढली. पगार किती? कायम की करारावर? शिक्षणासाठी कर्ज काढले होते काय? किती उरले? तिने एकेक उत्तर मान खाली घालून दिले. ‘कर्ज’ हा शब्द आला तेव्हा मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. शेवटी तिची आई दारातून म्हणाली,
“आनि पोऱ्या काय करस?”
“कोणता?”
“तुमना.”
“मला मुलगा नाही. एकच कन्या आहे.”
मग मागून एक म्हातारे हळूच म्हणाले, “सोताकरता तं नही ना?”

मी उभा राहिलो. क्षमा मागितली. पत्नी निवर्तल्याचे, कल्याणीच्या अर्जाचे, सर्व सांगितले. फोनवरील माझे वाक्य कोणत्याही घरात स्थळ पाहण्याचेच समजले गेले असते, हे मला तेथे उभे राहिल्यावर कळले.

प्रथम हसली ती ज्योती. “काका, कर्ज ऐकून न उठलेले तुम्ही पहिलेच. बाकीचे पोहेसुद्धा संपवत नाहीत.”

त्यानंतर ती मान वर करून बोलली. पगार अठरा हजार, हप्ता पावणेसहा. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस घरी बसवितात, पुन्हा नवा करार. काम डोंगरात, काठी गावाच्याही पुढे. तेथील एका गरोदर बाईस दवाखान्यात यावयास तयार करण्यासाठी चार खेपा घातल्या. “चौथ्या वेळी तीच रस्त्यावर येऊन उभी होती, काका. पिशवी भरून.”
“त्या खेपांचा भत्ता?”
“नाही.”
हा प्रश्न मी विचारावयास नको होता.

निघताना विचारले, पुन्हा कर्ज काढशील का?
“काढीन. पण एकदा तीन महिने पगारच झाला नाही. तेव्हा बँकेचे फोन सहकर्जदार म्हणून आबांना येत होते. मला नाही.”
आबा, म्हणजे तिचे वडील, पलीकडे सतरंजी गुंडाळीत होते. मला स्टँडपर्यंत पोहोचविण्यासाठी त्यांनी मोटारसायकल काढली.

१६ जून, सोम.
कल्याणीस सर्व सांगितले. ‘सोताकरता’ येथपर्यंत आलो आणि ती ओटा धरून हसत हसत खालीच बसली. सात महिन्यांनी.

मग तशीच खाली बसून म्हणाली, “सुरतेला हॉस्पिटलातल्या त्या समाजसेविका मॅडम आठवतात?”
मला आठवत होत्या. योजनेच्या कागदांवर सह्या घ्यावयास येत.
“त्या रोज दुपारी आईपाशी बसायच्या. तुम्ही तेव्हा बिलाच्या खिडकीपाशी रांगेत. भीती वाटतेय, हे आईने तुम्हाला सांगितलं नाही, मलाही नाही. त्यांना सांगितलं.”
मला हे ठाऊक नव्हते.
सायं. सही केली.

१८ जून, बुध.
अर्जावर अर्जदाराची सही अद्याप नाही. आबांना येणाऱ्या फोनांची हकिकत मी गाळावयास हवी होती. काल विचारले, तर “बघते” एवढेच. आज सकाळच्या गाडीने ती ज्योतीला भेटावयास गेली. अर्ज घरीच आहे.

सायं. सातला फोन.
“नाना, आज इथेच राहते. उद्या ताईंबरोबर पाड्यावर जाते. खिचडी लावून ठेवलीय, गरम करून घ्या.”
घेतो म्हणालो.
“एकटे राहाल ना?”
“एका रात्रीचे काय.”
“एका रात्रीचं नाही हो. दोन वर्षांचं विचारतेय.”
मी “अर्थातच” म्हणालो. आवाज नको तेवढा मोठा आला.
मागे ज्योतीची आई कोणाला तरी ताट वाढून घ्यावयास सांगत होती.
“उद्या संध्याकाळी येते,” म्हणाली.

परवा शुक्रवार, मुदतीचा शेवटचा दिवस.