वहिनीच्या हातची मॅकरोनी

आई, आज मॅकरोनी केली. तीच, फ्रेंच पद्धतीची, चीज घालून भाजलेली. तू जाऊन अकरा वर्षं झाली, पण हे भांडं ओव्हनमध्ये ठेवलं की अजून माझ्या पोटात दुखायला लागतं, तेही खाण्याआधीच. वहिनीच्या नावानं दुखतं, दुसरं काही नाही. तुझ्यासमोर हे कधी कबूल केलं नसतं. तू नुसती हसली असतीस, आणि तुझं ते हसू मला अजून झोंबलं असतं.

पहिली मी शिकले होते, हे आधी लिहून ठेवते. जालन्यात रविवारच्या क्लासला जाऊन शिकले. आपल्या सगळ्या गोतावळ्यात ओव्हन पहिला माझ्याकडे आला. लोणी वितळवायचं, त्यात मैदा परतायचा, कोमट दूध थोडं थोडं घालत हलवत राहायचं, जायफळ किसायचं, मग चीज. हा पांढरा सॉस उकडलेल्या मॅकरोनीत कालवायचा, वर पुन्हा चीज आणि टोस्टचा चुरा पसरायचा आणि वरचा थर लालसर होईपर्यंत भाजायचं. दिवाळीनंतर तू माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा मी सुट्टी काढून ती केली. तू दोन चमचे खाल्लेस, "चांगलं हाय गं" म्हणालीस आणि भाकरी उरलीय का ते विचारलंस. मी मनाची समजूत घातली की तुझ्या जिभेला परकं काही रुचत नाही. तू परत गेल्यावर वहिनीनं फोन करून कृती विचारली, आणि मी ती सांगितली.

पुढच्याच महिन्यात मी वडीगोद्रीला माहेरी आले, तो दिवस अजून समोर दिसतो. दादानं हायवेवरच्या दुकानातून चीजचं पाकीट आणलंय. वहिनी पदर खोचून गॅसपुढे उभी आहे आणि पातेल्यातल्या दुधात मैद्याच्या गुठळ्याच गुठळ्या. ती रडवेली होऊन म्हणते, "ताई, तुम्ही सांगितलं तसंच करून राह्यले. मंग असं का होऊन राह्यलं?" मी म्हणते, होतं कधी कधी, पहिल्यांदाच करतेयस ना. खरं सांगू? त्या गुठळ्या बघून मला गार वाटत होतं. तेवढ्यात तू मेथी निवडता निवडता गुडघ्यावर हात टेकून उठतेस, पातेल्यात डोकावतेस आणि म्हणतेस, "ऱ्हाऊ दे ते, दुसरं घे. कणकेचा शिरा करतीस तवा काय करतीस? आधी पीठ तुपात भाजतीस ना? मंग हितं बी तसंच. आन दूध जल्दी जल्दी ओतू नको, पीठ पिईल तेवढंच घाल." आई, क्लासच्या बाईंनी तीन रविवार घेतले होते जे शिकवायला, ते तू एका शिऱ्यावरून ओळखलंस.

ओव्हनचंही तुमचं काही अडलं नाही. अंघोळीच्या पाण्याची चूल मागं धगधगत होतीच. तू मॅकरोनीची कढई मंद विस्तवावर ठेवायला लावलीस, वर लोखंडी झाकण, आणि झाकणावर चिमट्यानं निखारे. झाकण उघडलं तेव्हा वरचं चीज असं तांबूस फुललेलं होतं की माझ्या ओव्हनची मलाच लाज वाटली. आणि तू, माझ्याकडे दोन चमच्यांत पोट भरलेली तू, ताटली पुढे करून म्हणालीस, "घाल अजून थोडं." वर कढईच्या कडेची करपट, कुरकुरीत खरवड उलथण्यानं खरडून काढलीस आणि वहिनीच्या ताटात वाढलीस. लहानपणी दुधाच्या पातेल्याची साय दादाची आणि खरवड माझी, हा आपल्या घरचा कायदा होता. तो तू माझ्यासमोर मोडलास. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी पस्तिशीची बाई, ऑफिसात चार माणसं माझ्या हाताखाली, आणि खरवडीसाठी डोळ्यांत पाणी आलं म्हणून मोरीवर तोंड धुवायला गेले.

परत आले तेव्हा तू एकटी होतीस. हळूच विचारलंस, "तिला समदं बराबर सांगितल्तं ना तू?" मी म्हटलं, सगळं सांगितलं होतं. तू "बरं" म्हणालीस आणि पुन्हा मेथी घेऊन बसलीस. त्यानंतर तुझ्यामाझ्यात त्या पदार्थाचं नाव निघालं नाही. माझा मत्सर मात्र वाढतच गेला. तुझी वेणी ती घालायची, तुझ्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ. दवाखान्यात मी उशाशी बसलेली असताना तू डोळे उघडून विचारलंस, "ती कुठं गेली?" मी आहे ना, म्हटलं. तू मान हलवलीस आणि दाराकडे बघत राहिलीस. ते मला आजही सहन होत नाही.

आज वहिनी दाताच्या डॉक्टरकडे जालन्याला आली होती. जेवायला थांब म्हटलं आणि हट्टानं मॅकरोनीच केली. तुझ्या माघारी तरी माझी सरस ठरावी, एवढाच हेतू. तिनं दुखऱ्या दातानं चवीनं खाल्ली. म्हणाली, "लई झ्याक झाली ताई." मग हसत म्हणाली, "तवा मैदा लोण्यात भाजायचा, हे तुम्ही सांगितलंच नव्हतं बघा. तुम्ही गेल्यावर मी आत्याबाईंला म्हणलं बी. त्या म्हणल्या, तिला हापिसाची घाई ऱ्हाती, विसरली असंल. तिला काई विचारू नको, वाईट वाटंल. मंग म्या कधीच न्हाई विचारलं." तुला ती अजून आत्याबाईच म्हणते, आणि म्हणताना तिचा आवाज बदलतो.

मी उठून तिला पाणी आणून दिलं. दुपारच्या एसटीला बसवून आले आणि हे लिहायला बसले. इतकी वर्षं मी हिशेब मांडत होते की तू तिला काय काय दिलंस. माझ्यासाठी तू तिच्याजवळ खोटं बोललीस, ते मला आज कळलं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि वहिनीला वाचून दाखवायची हिंमत नाही.

आई, मी विसरले नव्हते. त्या दिवशी फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं होतं, "अजून काही राह्यलं का ताई?" आणि मी म्हटलं होतं, नाही.