आईचा जबडा आणि किशोरदादाच्या लग्नातले हार

मखमलाबाद, नाशिक
१२ फेब्रुवारी २००३

तीर्थस्वरूप तानुमावशीस,

मनीषाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे, काकांचा खोकला आणि नामपूरचा कांदा, तिघांचीही तब्येत कळव. इकडे मी, आमचे दादा आणि शेवंतीचे वाफे ठीक आहोत. आईचं नाव मुद्दाम गाळलंय, कारण हे पत्रच तिच्यासाठी आहे.

तुला माहीतच आहे, हार करताना आई दोरा दातांनी तोडते. (मी दातांची डॉक्टर झाले तरी! घरातल्या पहिल्या पदवीचा मान तो एवढाच.) तिचा जबडा कानाजवळ कट्ट वाजतो. परवा दुकानात दोरा तोडायला तिनं तोंड उघडलं ते मिटेचना. समोर घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटलं, ही आता ओरडणार! बिचारा मागितला तो भाव देऊन निघून गेला. तोंड मिटल्यावर आई म्हणते, "काय बिघडलं? धंदा झाला ना!"

तिला ओढत आमच्या कॉलेजात मॅडमकडे नेलं. मॅडम म्हणाल्या, नुसता आवाज येतो म्हणून उपचार करायचे नसतात. दुखतं का, तोंड किती उघडतं, घास चावता येतो का, दात आवळायची सवय आहे का आणि मनाला काही लागलंय का, हे सगळं बघून ठरवायचं. आईनं सगळ्याला "नाय" म्हटलं. उलट शिकाऊ मुलींना "या गं, ऐका" म्हणून कट्ट वाजवून दाखवलं. पण घरी ती भाकरी दुधात भिजवून खाते, आणि विचारलं तर म्हणते, "मला आवडती तशी."

मग मी तिच्यावर नजर ठेवली. देवाचा हार करताना जबडा सैल असतो. लग्नाचा हार आला की दात घट्ट आवळलेले! हे कधीपासून, विचारलं तर बोलून गेली, "किशोरच्या लग्नापासून." आणि लगेच जीभ चावली.

मावशी, तिला त्रास नको म्हणून तू तुझ्या लेकाच्या, किशोरदादाच्या लग्नाचे हार मालेगावहून आणलेस, हे मला कळतं. पण तिनं त्या लग्नासाठी मोगऱ्याचा अख्खा वाफा राखला होता. ती फुलं तिनं झाडावरच सुकू दिली आणि मांडवात दात आवळून हसत फिरली. तेव्हापासून नामपूरचं नाव काढलं की फुलांचा हंगाम पुढे करते.

मॅडमनी गरम शेक आणि मऊ जेवण सांगितलंय. मी कात्री आणून दिली, तर आईनं ती हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवली. शेकानं दुखणं कमी होईल. उरलेल्याचा इलाज माझ्या पुस्तकात नाही.

तुझी,
मनीषा

ता. क. वैशाखात तुझ्या लेकीचं, सरिताताईचं लग्न आहे. हार आईला सांगशील? निरोप धाडू नकोस, स्वतः ये. आल्यावर थोडी भांडलीस तरी चालेल.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवताना आईनं पकडलं. "तानीला काय लिहिती गं?" सगळं वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, "लय शहाणी झाली तू. लिही तिला, नवरीला गुलाब नको, मोगराच शोभंल. अन् दोरा कात्रीनं कापीन म्हणावं." बोलताना जबडा कट्ट वाजला. पण मॅडम म्हणतात ना, नुसत्या आवाजाला उपचार लागत नाहीत.