संघात तुझं नाव नव्हतं

प्रिय माहेलानी,

तू फोन उचलत नाहीस. राग खरा आहे तुझा, मी नाही म्हणत नाही.

पालानीच्या मासळीच्या दुकानात शीतपेटीच्या दारावर आमचे संघ लागतात, हे तुला लहानपणापासून ठाऊक. प्रत्येकाने पोहणं-सायकल-धावणं अशा आपल्या शर्यतीतले पाच खेळाडू निवडायचे, कागद लागला की बदल नाही, आणि घरचं माणूस घेतलं तर गुण दुप्पट. बावीस वर्षं मी इथे हवाईत, आपल्या कोना गावात हेच करतोय. नुसती चाल बघून सांगतो, कुणाला हा वारा मानवेल. यंदा तू पहिल्यांदा उतरलीस आणि माझ्या कागदावर तुझंच नाव नाही. तू मासे घ्यायला आलीस, कागद वाचलास आणि तशीच परत गेलीस. पालानी म्हणाला, दुप्पट गुण सोडणारा बाप आजच बघितला, पोरीवर भरवसा नाही होय रे? मी म्हटलं, तू गप मासे काप.

शर्यतीच्या दिवशी धावणाऱ्यांना पाणी-बर्फ द्यायचं आमचं टेबल लाव्हाच्या माळावर होतं. माझी पहिली निवड, ती डच पोरगी, माझ्यासमोरच रस्त्यात वाकून ओकायला लागली. आणि माझ्या मनात काय यावं? ऊठ बाई, गुण जातायत. स्वतःचीच लाज वाटली मला.

मग तू आलीस. समुद्र पोहून, तासन्‌तास सायकल मारून, धावत. ओठ पांढरेफटक. माझ्या हातातला बर्फ घेतलास, टोपीत भरलास, माझ्याकडे बघितलंही नाहीस आणि पुढे गेलीस. मी हातात रिकामा पेला धरून तसाच उभा. एवढ्याशा जिवात एवढं बळ येतं कुठून? तुला मी वाढवलं, पण हे काही मी दिलेलं नाही गं.

आता खरं सांगतो. तू पहिल्या दहात येशील हे मला पक्कं माहीत होतं. पण ज्याला मी निवडतो, त्याच्याकडे एकच मागतो: मेलास तरी थांबू नको. तुझ्याकडे ते मागायला जीभ रेटेना. बस कर पोरी, घरी चल, असं म्हणायची मोकळीक मला हवी होती, म्हणून नाव गाळलं. तू समोर आलीस तेव्हा तेच म्हणायला तोंड उघडलं, आणि तुझा चेहरा बघून म्हणवेना. तुला थांबवणारा मी कोण? पुढच्या वर्षी उतरलीस तर तुझं नाव लिहू का? नको म्हणालीस तरी चालेल, पण फोनवर म्हण.

तुझाच बाप,
केआवे