तेवीस नंबरचा जोड

रविवार, ८ फेब्रुवारी
दुपारचे साडेतीन

प्रिय भिंगरी,

सात महिने मी तुला लिहिलं नाही. तुझी दोन पत्रं आली. दुसऱ्यात तू विचारलंस, लंबू, माझं काही चुकलं का, आणि त्यालाही मी उत्तर दिलं नाही. माफ कर. कामाचा व्याप होता असं लिहून मोकळी होणार होते, पण या सात महिन्यांत मी डायरी एकही दिवस चुकवलेली नाही, म्हणजे हाताला वेळ होता. तुला लिहायला बसले की पहिल्याच ओळीत खोटं यायचं आणि मी कागद बाजूला ठेवायचे. आज खोटं आलं तर खोडायचं आणि पुढे जायचं, असं ठरवून बसले आहे. हे शेजारच्या खोलीत टेबलफॅनचं पोट उघडून बसलेत. स्क्रू हरवल्याखेरीज मला हाक येणार नाही.

तू आमची चाचणीची खोली कधी पाहिलेली नाहीस, म्हणून आधी ती सांगते. तुम्ही तिकडे मुख्य कचेरीत चित्रं काढता, कापता, शिवता. आमच्याकडे बूट येतो तो खोक्यातून, नावगाव पुसून. कंपनीच्या चिन्हावर काळी पट्टी, कोणी केला त्याचा पत्ता नाही, आतल्या बाजूला फक्त एक नंबर. आम्ही सहा जणी आहोत आणि आमची लायकी एकच, की आमचा पाय नमुन्याच्या मापाचा आहे, अर्धा नंबर इकडे नाही की तिकडे नाही. बी.ए.ला पहिला वर्ग मिळवलेली बाई अकरा वर्षं सरासरी पायाच्या जोरावर नोकरी करते, हे मी कोणाला हसत हसत सांगते तेव्हा ते हसणं खरं असतं का, हा प्रश्न डायरीत तीन वेळा आलाय. सकाळी मैदानावर सहा किलोमीटर धावायचं, मग ओल्या फरशीच्या उतारावर चालायचं, शेवटी आरशासमोर उभं राहायचं. आरसा फक्त गुडघ्यापर्यंत आहे. बूट दिसायला कसा, हे ठरवताना वरच्या बाईचा चेहरा मध्ये येऊ नये म्हणून. मैदानावर दहापैकी गुणांचा तक्ता पेन्सिलीने भरायचा आणि खोलीत येऊन त्यावर पेन फिरवायचं. आणि एक नियम साहेबांनी स्वतःच्या अक्षरात दारावर चिकटवलाय: जोड कोणाचा ते ओळखू आलं, तर पाय बाहेर काढायचा आणि तसं सांगायचं. मग तो जोड दुसरीकडे जातो.

तीन आठवड्यांपूर्वी तेवीस नंबरचा जोड माझ्याकडे आला. करडा, टाचेशी लिंबाच्या सालीच्या रंगाची एकच रेघ. पाय घातला आणि कोणीतरी टाचेखाली हळूच उशी सरकवल्यासारखं वाटलं. खरंच चांगला होता गं. मऊ बूट बहुतेक वेळा पायाला गिळतात, हा धरून होता. नाड्या बांधायला वाकले तेव्हा त्यांच्याखालची जीभ दिसली. बुटाची जीभ दोन्हीकडून मोकळी असते आणि धावताना बाहेरच्या बाजूला घसरते. ही आतल्या अंगाने अस्तराला टाचलेली होती, पाच टाके, तिसरा जरा लांब.

तो तिसरा टाका लांब का आहे ते मला माहीत आहे, कारण तिथे माझी सुई अडकली होती.

तुला आठवत असेल किंवा नसेलही. कॉलेजच्या धावण्याच्या संघात एकच जागा उरली होती आणि निवडीच्या शर्यतीत आपण दोघीच होतो. तुझ्या बुटाची जीभ सारखी सरकायची, तू मध्येच थांबून तिला शिव्या घालायचीस, आणि मी तुझ्यापुढे निघून जायचे. त्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या पायरीवर बसून मी ती पाच टाक्यांनी शिवून दिली, आणि तेच टाके तू आता तुझ्या नमुन्यात जसेच्या तसे उतरवलेस. कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी तू थांबली नाहीस आणि एका पावलाने जिंकलीस. मी त्या दिवशीची डायरी काल काढून पाहिली. ‘मला खूप आनंद झाला’ असं लिहिलंय, पण त्यातलं ‘खूप’ नंतर घातलेलं आहे, काकपद करून, ओळीच्या वर.

मग तू आमच्या घरी यायला लागलीस. आईने घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घालून तुझे पाय त्यात बुडवले. माझे पाय लहानपणापासून दुखायचे, त्यांना तिने कधी घमेलं काढलं नव्हतं. असं मी समजत होते. नंतर आठवलं की मी पाय दुखतात हे तिला कधी सांगितलंच नव्हतं. तू सांगायचीस. मग दादा, ज्याला स्वतःची चप्पल सापडत नसे, तो रोज संध्याकाळी तुझे बूट शोधून दाराशी ठेवायला लागला. लग्नानंतर आईने मला तुला वहिनी म्हणायला लावलं. मी आठवडाभर ‘अहो वहिनी’ म्हणाले, तू दर वेळी मागे वळून कोण आलंय ते पाहायचीस, आणि आपण हसून हसून लोळलो. ते हसणं खरं होतं. त्याबद्दल डायरीत कुठेही खाडाखोड नाही. पण मैत्रीण गेली, भाऊ गेला आणि आई निम्मी गेली, तीही एकाच घरात, डोळ्यांसमोर, आणि तक्रार करावी तर कोणाकडे? तू कुणाचं काही हिसकावलं नाहीस. तू फक्त आत आलीस आणि सगळे तुझ्याकडे वळून बसले.

जुलैत कंपनीच्या मासिकात तुझा फोटो आला. मुख्य रचनाकार. आमच्या खोलीतल्या जणींनी तो भिंतीवर लावला, कारण तू माझी वहिनी, आणि त्यांना वाटलं मला बरं वाटेल. सात महिने मी त्या फोटोखाली बसून नाड्या बांधते आहे. तुला माझ्याकडून काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं, आणि तेवढंच लिहिणं जमत नव्हतं.

तर तो जोड. मी ओळखला होता. नियमाप्रमाणे पाय काढायला हवा होता. पण मग सांगावं लागलं असतं की कशावरून ओळखला, आणि माझ्या तोंडून ‘तो टाका माझा आहे’ असं निघालं असतं. ते मला नको होतं. म्हणून मी धावायला गेले.

सहा किलोमीटरला जोड उत्तम होता. तक्त्यात सहाच मागतात, बाकीच्या पाच जणी सहालाच थांबतात. मी दहा धावते, जुनी खोड. आठव्यानंतर डाव्या टाचेखालचा फोम आतल्या बाजूने बसायला लागला. अगदी थोडा. सरळ रस्त्यावर कळणार नाही, पण वळणावर घोटा आत कलायचा. नवव्याला पुन्हा. दहाव्याला मी मुद्दाम उलट्या दिशेने वळण घेतलं, तरी तेच. मैदानावरच्या बाकावर बसून मी पेन्सिलीने लिहिलं: ‘आठ कि.मी.नंतर टाच आत कलते, घोट्याला धोका. आराम पाच.’ लिहिताना बरं वाटलं. आणि ते बरं वाटणं मला दिसलं. घशाखाली काहीतरी गोड उतरावं तसं होतं ते. मग शंका आली. टाच खरंच कलली की मला कलायला हवी होती? मी परत उठले, अकरावा धावले. आता मला काहीच सांगता येईना. माझा पाय अकरा वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकेना की मी त्याचं ऐकेना, देव जाणे.

खोलीत येऊन मी पेन्सिलीची ओळ खोडली. जे लिहिताना मला आनंद होतोय ते द्वेषाचं असणार, आणि द्वेषाचं लिहायचं नाही, असा सरळ हिशेब केला. आणि पेनाने लिहिलं: आराम नऊ, दिसणं नऊ, शेरा नाही. आमच्या खोलीत माझा सात म्हणजे इतरांचा दहा समजतात. साहेबांनी तक्ता दोनदा उलटून पाहिला आणि म्हणाले, “बाई, तब्येत बरी आहे ना?” मी म्हटलं, बरी आहे. घरी येऊन डायरीत लिहिलं, आज मी न्यायाने वागले. स्वतःवर इतकी खूश मी कधी नव्हते.

गुरुवारी दादाचा फोन आला. तुझा बूट पास झाला, मंगळवारी साचे कापायला जातात. फार आनंदात होता. म्हणाला, “तुमच्या त्या खोलीत एका तरी बाईला अक्कल आहे म्हणायची. नऊ दिलेत तिने. भिंगरी म्हणते, कोण आहे ती शोधून तिचे पाय धरले पाहिजेत.” मी म्हटलं, पायच धरा, नमुन्याचे आहेत. त्याला विनोद कळला नाही, तरीही तो हसला. मग त्याने फोन आईला दिला. तू तिला नमुन्याचा एक जोड दिलायस, ती रोज बागेत दोन फेऱ्या मारते, गुडघा कुरकुरत नाही. दोन फेऱ्या म्हणजे दीड किलोमीटरही नाही, तिला काही होणार नाही, हे मी तिचं बोलणं चालू असतानाच मनात मोजून घेतलं. बाकावरच्या बायका विचारतात, बूट कुठून आणले. आई म्हणाली, “मी सांगते त्यांना, माझ्या लेकीने केलेत.”

तिने ते मला सांगितलं, भिंगरी. मला. आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

फोन ठेवला आणि मला जे वाटलं ते तीन दिवस डायरीतही लिहिता आलं नाही, ते तुला लिहिते. मला वाटलं, कापू देत साचे. निघू देत बाजारात. एकदा साचा कापला की तळ बदलता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पोरी आठ-दहा किलोमीटर धावतील, वळणावर घोटे मुरगळतील, तक्रारी येतील, आणि तो फोटो भिंतीवरून उतरेल. त्यात माझा काही हात नसेल. मी तर नऊ दिले होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून हे सगळं इतक्या बारकाव्याने पाहिलं की दूध उतू गेलं तेही कळलं नाही. आणि तिथेच विचार आला, की ती ओळ मी खोडली ती न्यायासाठीच होती का? की मला तेव्हाच हे दिसत होतं? मी शपथेवर सांगू शकत नाही. पाच देऊन मी तुझा बूट अडवला असता, तू आठ दिवसांत दुरुस्त केला असतास आणि प्रकरण संपलं असतं. नऊ देऊन मी तुला पुढे जाऊ दिलं, जिथून पडलीस तर सगळे बघतील. माझ्या नऊपेक्षा माझे पाच तुझ्या जास्त भल्याचे होते.

काल सकाळी मी कपाटातून तेवीस नंबर पुन्हा काढला. या वेळी पायात घातलाच नाही. आमच्या सहा जणींतल्या सगळ्यांत धाकटीला दिला, तिला काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं दहा कर. ती आठव्यानंतरच्या वळणावर थांबली, वाकली आणि डावा घोटा चोळायला लागली. मी कुंपणाशी उभी होते. मला रडू आलं, आणि ते कशाचं होतं ते विचारू नकोस. माझा पाय खोटं बोलत नव्हता एवढं मात्र कळलं.

म्हणून हे पत्र. उद्या मी तुझा बूट थांबवणार आहे. माझे नऊ मागे घेणार, त्या जागी पाच लिहिणार, धाकटीचा तक्ता सोबत जोडणार आणि साहेबांना सांगणार की जोड मी ओळखला होता. त्यांना त्यावर काय करायचं ते करू देत. अकरा वर्षं झाली, खुर्ची गेली तर जाईल. तुला ही बातमी कचेरीतून कळेल, आणि कळल्यावर तुझ्या मनात पहिलं येईल की लंबू जळते. ते आधी माझ्याकडून घे. हो, जळते. वीस वर्षं जळते आहे. तुझ्या फोटोवर, दादाने दाराशी ठेवलेल्या तुझ्या बुटांवर, आईच्या त्या एका वाक्यावर. पण टाच कलते ती निराळी गोष्ट आहे, ती मोजून बघ. डाव्या टाचेखाली आतल्या अंगाला कडक फोमचा एक पातळ थर घालून पाहा, माझ्या अंदाजाने तेवढ्याने भागेल. हे सुचवताना मला पुन्हा बरं वाटतंय, आणि या वेळी ते कशामुळे ते शोधायला मी बसणार नाही. नवा जोड झाला की दुसरीच्या पायाला पाठव. आईला आत्ताच काही सांगू नकोस, तिला तिच्या दोन फेऱ्या मारू देत.

तुझीच,
लंबू

उद्या: साचेवाल्यांना निरोप जाण्याआधी, नऊच्या आत, साहेबांकडून तेवीस नंबरचा तक्ता परत मागून घेणे.