वगळलेली अकरा पानं

प्रिय धाकट्या,

ताईचं अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस रे. बाबा गेले त्या दिवशी तू आलास, दारातूनच त्यांना पाहिलंस आणि तसाच निघून गेलास. तुला थांबवायला मला तोंड होतं कुठे?

तुझी ती अकरा पानं खरी निघाली. कापसावरचा नवा विषाणू सगळीकडे एकाच जातकुळीचा आहे, असं मी तीन वर्षांपूर्वी छातीठोकपणे सांगत सुटले होते. तू शेतं तुडवून चारशे पानं आणलीस. बाकी सगळ्यांतला विषाणू एकमेकांशी जुळला, या अकरांमधल्याची जनुकं मात्र भलतीच. मी म्हटलं, यानेच पानांच्या पुड्या मिसळल्या! ती पानं मुद्दाम धडधाकट झाडांची घेतली, पुडीवर तसं लिहिलंय, असं तू जीव तोडून सांगत होतास. मी पुड्या बघितल्यासुद्धा नाहीत. आपल्या घरात काही सांडलं, हरवलं की तुझंच नाव. आईची किल्ली माझ्या दप्तरात सापडली, तरी बोलणी तूच खाल्लीस.

सगळ्या प्रयोगशाळेसमोर तुला नाही नाही ते बोलले आणि अकरा पानं यादीतून काढली. तू राजीनामा दिलास. घरी बाबांना तिखटमीठ लावून सांगितलं तेही मीच. जन्मभर छापखान्यात एकेक अक्षर तपासणारा माणूस तो. त्यांना निष्काळजीपणा कसा खपावा? त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं.

यंदा भलत्याच भागातून, दुसऱ्याच माणसाने आणलेल्या पानांत तोच वेगळा विषाणू सापडला. तोही निरोगी दिसणाऱ्या झाडांत. आम्ही आजारी पानंच गोळा करत बसलो, म्हणून इतकी वर्षं दिसला नाही. तेव्हा कुठे तुझ्या पुड्या काढल्या. ओळ सात, झाड तीन, धडधाकट. किती नेटकं लिहिलंयस रे! मी तिथेच खुर्चीत बसून रडले.

शोधनिबंधात पहिलं नाव तुझं आहे. पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. या नव्या पानांचा निकाल आला त्याच दुपारी मी बाबांना भेटायला दवाखान्यात गेले होते. पोराने खरंच पानं मिसळली होती का गं, असं बाबांनी विचारलं. निकालाचा कागद माझ्या पर्समध्ये होता. पुन्हा एकदा तपासून मग सांगू, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे माझी चूक माझ्याच तोंडून निघेना. मी हो म्हटलं. दुसऱ्या सकाळी ते गेले. हट्टापायी त्यांनी तुला शेवटपर्यंत बोलावलं नाही, असं तू धरून बसला असशील. तसं नव्हतं रे. मला विचारलं तेव्हा माझ्याकडून मागून घेतलेला फोन त्यांच्या हातात होता, तुझा नंबर काढलेला. माझं उत्तर ऐकून त्यांनी तो मला परत दिला.

तुझीच,
ताई