विरोधाचा हात

ताई,

हे पत्र टपालात टाकणार नाही, म्हणून सरळ लिहितोय.

आमच्या संपादक मंडळाची एक पद्धत आहे. बैठकीत जो विरोध करेल, अग्रलेख त्यानंच लिहायचा. संपादक म्हणतात, "आक्षेप त्यालाच नीट ठाऊक असतात, उत्तरंही तोच देईल." मार्चमध्ये सीमेपलीकडच्या युद्धात आपलं सैन्य पाठवावं का, यावर चर्चा झाली. सात जणांत मी एकटा नको म्हणालो. म्हणून 'सैन्य पाठवाच' हा लेख मी लिहिला. चांगला जमला. अग्रलेखाखाली नाव नसतं.

लेख छापून आला त्या सकाळी तुझा फोन आला. "अरे, आजचं कुणी लिहिलंय रे? पोराला रजा संपवून पलटणीत निघताना वाचून दाखवलं. माझी धाकधूक गेली बघ. त्यांना माझा नमस्कार सांग."

सांगतो म्हणालो.

पोराची शवपेटी आली, त्याला आज सोळा दिवस झाले. तुझ्याकडे आलो, लोकांसाठी खुर्च्या मांडल्या, संध्याकाळी उचलल्या.

आज बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं, सैन्य परत बोलवा. मी विरोधात हात वर केला.

तो लेख मलाच लिहायचा होता.

तुझा धाकटा